इंदुरात मेडिकल असिस्टंट व्हायचंय? फी भरायच्या आधी हे वाचा

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे लोकमान्य नगरात दोन-चार जण तरी येतातच, कोणी आईला घेऊन, कोणी मोबाईलवर जाहिरात उघडून, आणि प्रश्न ठरलेला, ताई हे मेडिकल असिस्टंटचं करू का, सहा महिन्यात नोकरी लागते म्हणतायत. मी डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून बावीस वर्षं काढली, आधी लॅबमधे आणि मग ओपीडीत, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळं ठाऊक असणार. सगळं नाही पण बरंचसं आहे, आणि दर उन्हाळ्यात चहाचं आधण ठेवून तेच तेच सांगायचा आता कंटाळा आला म्हणून यावेळी लिहूनच टाकलं.

पहिलं काम, नावाचा घोळ सोडवा

मेडिकल असिस्टंट हे नाव मुळात अमेरिकेतलं. तिकडे डॉक्टरच्या क्लिनिकमधे एकच माणूस पेशंटची अपॉइंटमेंट घेतो, आत नेऊन वजन-बीपी बघतो, काय त्रास होतोय ते लिहून घेतो, रक्त काढतो, ईसीजी काढतो, आणि संध्याकाळी इन्शुरन्सचे कागदही तोच भरतो. त्यासाठी तिकडे साधारण वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स किंवा दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते, त्यात खऱ्या क्लिनिकमधे निदान १६० तास बिनपगारी काम, आणि मग सीएमए म्हणजे सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट नावाची परीक्षा, २०० प्रश्न, ४०-४० मिनिटांचे चार भाग. हे सगळं तिकडचं झालं.

आपल्याकडे या नावाची कुठली पोस्ट नाही की जिचं कोणी रजिस्ट्रेशन देईल. इथे तेच काम सात-आठ जणांत वाटलेलं आहे. वजन-बीपी नर्स नाहीतर जीडीए बघते, जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. रक्त लॅब टेक्निशियन काढतो, ईसीजीला वेगळा माणूस, फाईली एमआरडीत जातात म्हणजे मेडिकल रेकॉर्डमधे, आणि कॅशलेसचे कागद टीपीए डेस्कवर, म्हणजे इन्शुरन्सचं बघतात तिथे. फक्त रामबागेतल्या किंवा जेल रोडवरच्या एखाद्या जुन्या डॉक्टरांकडे अजून एकच कंपाउंडर सगळं करताना दिसतो, तो खरा आपला मेडिकल असिस्टंट, पण बिचाऱ्याकडे बहुतेक वेळा कागद कसलाच नसतो.

म्हणून कोणी बॅनरवर मोठ्या अक्षरात मेडिकल असिस्टंट डिप्लोमा असं लिहिलं असेल तर लगेच उड्या मारू नका, विचारा की बाबा हा डिप्लोमा घेऊन मी हॉस्पिटलात नेमक्या कुठल्या पोस्टला अर्ज करू, पोस्टचं नाव सांग. तिथेच निम्मे गडबडतात. माझ्या भाचीच्या मैत्रिणीनं असाच एक वर्षाचा डिप्लोमा केला, तळघरात दोन खोल्या, एक प्लास्टिकचा हात, एक बीपीचं मशीन ज्याचा रबरी फुगा फुटका, आणि वर्षाच्या शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. ते घेऊन ती तीन हॉस्पिटलांत गेली, तिन्ही ठिकाणी एचआरनं एकच विचारलं, काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर काय. नंबर नव्हता. शेवटी रिसेप्शनला बसली, तेवढं तर ती बारावीवरही बसू शकली असती.

आणि हो, फिजिशियन असिस्टंट हे वेगळं प्रकरण आहे बरं का, आपल्याकडे तो बॅचलर डिग्रीचा कोर्स असतो. नावं सारखी म्हणून दोन्ही एक समजू नका.

दुसरं, दोन सकाळी फुकट घालवा

फी भरायच्या आधी एम.वाय.ला, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जा. सकाळी नऊच्या सुमारास पर्चीची लाईन लागते तिथे कडेला उभं राहून दोन तास नुसतं बघा. खेड्यातून आलेली माणसं, कोणाच्या पायाला पट्टी, कोणाचं बाळ रडतंय, ओकारीचा वास, खिडकीवर भांडण, आणि त्यातून वाट काढत ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय. हे रोज आठ तास, महिन्यातून काही वेळा रात्रीही. जमेल असं वाटलं तर पुढचं वाचा, नाही वाटलं तरी काही बिघडलं नाही, काउंटरच्या मागची कामंही भरपूर आहेत, त्यावर खाली लिहिलंय.

जाताना पोहे खाऊन जा. खरंच सांगतेय, मस्करी नाही. पहिल्यांदा रक्त बघताना जी पोरं भोवळ येऊन पडतात ती बहुतेक उपाशी आलेली असतात. एकदा पडलात म्हणून हे क्षेत्र तुमचं नाही असं मुळीच नसतं, मी स्वतः पहिल्या आठवड्यात पडले होते आणि ते सुद्धा दुसऱ्याचं नाही, स्वतःचं रक्त देताना.

तिसरं, तुमच्या शिक्षणाला काय बसतं

दहावीच झाली असेल आणि घरात पगार लवकर हवा असेल तर जीडीए. हेल्थकेअर सेक्टर स्किल काउन्सिल म्हणून आहे, तिचं सर्टिफिकेट मिळतं, काही महिन्यांचं काम. पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन, व्हीलचेअर, असं सगळं. लोक याला हलकं समजतात आणि मला त्याचा फार राग येतो, कारण ज्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही त्याच्या पाठीला बेडसोर म्हणजे जखम होते आणि मग मोठे मोठे सर्जनही हात टेकतात. त्याच काउन्सिलचे होम हेल्थ एडचे, फ्लेबोटॉमीचे म्हणजे रक्त काढण्याचे, अँब्युलन्सवरच्या ईएमटीचे पण कोर्स आहेत.

बारावी बायोलॉजी घेऊन झाली असेल तर मात्र मी सरळ दोन वर्षांच्या डिप्लोमाकडे बोट दाखवते. डीएमएलटी, एक्सरे, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन, डायलिसिस, कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफी होते ती जागा. मध्यप्रदेशात यांचं रजिस्ट्रेशन भोपाळची सह-चिकित्सीय परिषद करत आलीये, बोलीभाषेत सगळे पॅरामेडिकल काउन्सिल म्हणतात. घरी तीन-चार वर्षं थांबायची सोय असेल तर बीएमएलटीसारखी (लॅबचीच) डिग्री करा, आपल्या इकडची बहुतेक कॉलेजं जबलपूरच्या मेडिकल सायन्स युनिव्हर्सिटीला जोडलेली असायची, आता कुठल्या युनिव्हर्सिटीला आहेत ते विचारून घ्या. नर्सिंगचा रस्ता वेगळा, तीन वर्षं जीएनएमचा डिप्लोमा नाहीतर चार वर्षं बीएससी, त्याची एन्ट्रन्सही वेगळी.

कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी तोंड पाडून बसू नका. एमआरडी, टीपीए डेस्क, बिलिंग, आयुष्मान या सरकारी उपचार योजनेचं काउंटर, इथे बायोलॉजी कोणी विचारत नाही. पण मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषांत टायपिंग, डोकं थंड, आणि आकडा चुकवायची सवय नको.

चौथं, कागद खरा आहे का ते बघा (यावर जरा जास्त वेळ घेते)

२०२१ साली केंद्राचा एक कायदा आला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स. डॉक्टर आणि नर्स सोडून हॉस्पिटलात राबणारे बाकीचे बरेचसे यात येतात, लॅब, रेडिऑलॉजी, फिजिओ, ओटी, डायलिसिस, रेकॉर्डवाले सुद्धा. त्यात स्पष्ट लिहिलंय की अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायचं तर निदान २००० तासांचं शिक्षण हवं आणि ते दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं, आणि वरच्या दर्जाच्या हेल्थकेअर प्रोफेशनलला ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आता तुम्हीच हिशेब करा, सहा महिन्यांच्या कोर्सचे तास कितीही ताणले तरी २००० कसे होतील. सहा महिन्यांचा कोर्स वाईटच असतो असं नाही म्हणत मी, जीडीएचा कमी महिन्यांचाच असतो, पण तो करून टेक्निशियन होता येत नाही एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

दुसरी गोष्ट पत्राचाराची. घरबसल्या डीएमएलटी, फक्त परीक्षेला या, असे मेसेज अजून फिरतात. २०२५ मधे यूजीसीनं सांगून टाकलं की या कायद्यात येणारे कोर्स डिस्टन्स किंवा ऑनलाईन चालवायचे नाहीत. आणि अक्कल वापरली तरी कळतं की शीर कशी शोधायची हे मोबाईलवर बघून येत नाही, पोळी लाटायला आली का कोणाला व्हिडिओ बघून.

नर्सिंगवाल्यांनी तर दुप्पट सांभाळा, आपल्या राज्यात हायकोर्टाच्या आदेशावरून नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झालीय हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, कित्येक पोरांच्या परीक्षा त्यात वर्षानुवर्षं लटकल्या.

म्हणून कॉलेजात गेलात की गेटवरची बाग आणि एसी रिसेप्शन बघू नका, हे विचारा. या वर्षाची मान्यता आहे का आणि किती सीटांची, गेल्या वर्षाची नको. तेच नाव काउन्सिलच्या वेबसाईटवरच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्यांनी दाखवलेला फ्रेम केलेला कागद नाही. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, किती बेडचं, आणि तिथवर जायची सोय काय, कारण बायपासच्या पलीकडचं हॉस्पिटल कागदावर जवळच असतं. मार्कशीटवर कोणाची सही येते. आणि शेवटचं, गेल्या बॅचच्या दोन जणांचे फोन नंबर द्या म्हणा. न दिले तर उठा, नमस्कार करा आणि चालू लागा. ओरिजिनल मार्कशीटा जमा करून ठेवायला मागितल्या तरी तसंच.

पाचवं, फायलीतले कागद आणि आपला ळ

दहावी-बारावीच्या मार्कशीट, मूलनिवासी म्हणजे डोमिसाइलचा दाखला, समग्र आयडी म्हणजे राज्य सरकारचा कुटुंबाचा नंबर, लागत असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र, फोटो भरपूर. हे सगळ्यांनाच लागतं. पण आपल्या मराठी घरांत एक जास्तीची भानगड असते ती म्हणजे नावाची. शाळेच्या मास्तरांनी हिंदीत काळे चं काले करून ठेवलेलं असतं, आधारवर घरच्यांनी हट्टानं काळे लिहिलेलं. त्यात ज्ञानेश्वर, ज्ञानदा अशी नावं म्हणजे आनंदच, मराठी माणूस इंग्रजीत डी-एन-वाय लावतो आणि इथला बाबू जी-वाय लावतो. एकाच पोराची तीन कागदांवर तीन नावं. अ‍ॅडमिशनला कोणी काही बोलत नाही, दोन वर्षांनी रजिस्ट्रेशनच्या वेळी अडतं, तेव्हा पळापळ होते. त्यामुळे आत्ताच दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आधार आणि समग्र एकसारखं करून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच चालतं.

सहावं, हाताला काय शिकवायचं

इथे खरी गंमत आहे आणि इथेच चांगला-वाईट माणूस ओळखू येतो. पुस्तकं पास करता येतात, हाताचं तसं नाही.

बीपीपासून सुरू करा. पेशंट जिना चढून आला, तुम्ही लगेच कफ म्हणजे दंडाचा पट्टा बांधला, आकडा आला १६०, झालं, गोळी वाढली. पाच मिनिटं बसू द्या, पाय जमिनीवर सरळ, मांडी घालून नको, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला टेबलावर, आणि मोजताना बोलायचं नाही, ना त्यानं ना तुम्ही. अर्ध्या तासात चहा-सिगरेट झाली असेल तर थांबा. हिवाळ्यात आमच्या रामबागेतल्या आजी स्वेटर काढायला तयार नसतात, वरून बांध की गं म्हणतात, बांधू नका. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी उगीच जास्त दिसतं, हे तर कित्येक जुन्या लोकांनाही ठाऊक नसतं.

मग रक्त. टूर्निके म्हणजे शीर फुगवायला दंडाला बांधतात तो पट्टा, एक मिनिटाच्या वर बांधून ठेवायचा नाही, शीर सापडत नसेल तर सोडा, दुसरा हात बघा, परत बांधा. भाची डीएमएलटीच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या कोपराच्या खळीत बोट फिरवत बसायची, आमचे बाबा पेपर वाचायचे आणि ही त्यांच्या हातावर डोळे मिटून शीर चाचपायची, बाबा विचारायचे सापडली का, ती म्हणायची सापडली पण पळते. अशी पळणारी शीर अंगठ्यानं खाली ताणून धरायची असते. सगळ्यात चांगला सराव हाच, सुई न लावता बोटांना शिकवणं.

ट्यूबांच्या झाकणांचा क्रम पाठ करा, झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. कल्चर म्हणजे जंतू बघायची तपासणी असेल तर ते आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. निळीत सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धी भरलेली निळी ट्यूब लॅब परत पाठवते. जांभळीत ईडीटीए, भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, हलवायची नाही, ताक घुसळल्यासारखी तर मुळीच नाही, पेशी फुटतात.

क्रम का, तर ऐका माझी स्वतःची कहाणी. नोकरीचं पहिलं वर्ष, लॅबचं नाव नाही सांगत. एका काकांचं लाल ट्यूबमधलं रक्त कमी पडलं, जांभळीत जास्त होतं, मला वाटलं रक्त ते रक्त, त्यांना परत कशाला टोचायचं, जांभळीतलं थोडं लालमधे ओतलं. रिपोर्टमधे पोटॅशियम इतकं वर की तसा माणूस उभाच राहू शकणार नाही, आणि काका बाहेर बाकावर बसून सुपारी कातरत होते. मशीनच्या शेजारच्या सीनियर मॅडमनी कॅल्शियमचा आकडा बघितला, तो एकदम तळाला, आणि माझ्याकडे वळून फक्त एवढंच म्हणाल्या, जांभळीतून ओतलंस ना. ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून एक वर जातं, दुसरं खाली येतं. ट्यूबांचा क्रमही एकीतलं दुसरीत जाऊ नये म्हणूनच. त्यांनी पकडलं नसतं तर काकांना कुठल्यातरी आयसीयूत पोटॅशियम उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली असती. त्या दिवसापासून नमुना कमी पडला तर मी सरळ हात जोडून सांगते की काका परत एकदा टोचावं लागेल, शिव्या खाते पण ओतत नाही.

इन्सुलिनचंही असंच. आपल्याकडे बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचं इन्सुलिन असतं आणि पेनमधे १०० चं. सिरिंज दोन्ही प्रकारच्या मिळतात, लाल झाकणाची ४० ची, केशरी झाकणाची १०० ची. ४० च्या बाटलीला केशरी सिरिंज लावली तर पेशंटला पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी जातं, उलट केलं तर अडीच पट जातं आणि माणूस घाम येऊन बेशुद्ध. मेडिकलवाल्यानं दिली म्हणून घेऊ नका, झाकणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही मोठ्यानं वाचा.

ईसीजीच्या वायरी आपल्याकडे उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा काळा. अमेरिकन व्हिडिओ बघून शिकाल तर तिकडचे रंग वेगळे असतात, हात फसतो. प्रिस्क्रिप्शनवरचं ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस, म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, झोपताना, गरज पडली तर, हे आठवड्यात येतं, त्यावर काय बोलायचं.

कचऱ्याच्या बादल्या मात्र इंदूरकराला सांगायला नको असं वाटेल, आपण ओला-सुका गाडीत टाकायचं शिकलेलो, पण हॉस्पिटलचं वेगळं आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्यात रक्त-पू लागलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे भाग, मुदत गेलेली औषधं, लालमधे सलाईनच्या नळ्या, ग्लोव्ह्ज, सुई काढलेल्या सिरिंज, पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. आणि वापरलेल्या सुईला टोपण परत घालायचं नाही. नाही म्हणजे नाही. सुया बऱ्याचदा टोचतात त्या अशाच टोपण लावताना.

टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच मिनिटाला इन्चार्जला सांगा, ओरडा खावा लागला तरी. एचआयव्हीचं बचावाचं औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. हेपेटायटिस बी चे तीन डोस वॉर्डात पाय ठेवायच्या आधी सुरू करा, पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कॉलेज देत नसेल तर स्वतःच्या पैशानं घ्या, पोरांनो, एवढं ऐका.

सातवं, कान

आपल्या ओपीडीत माळवी येते, निमाडी येते, हिंदी येते. कोणी म्हणतं जी घबरा रहा है, कोणी छाती में चमक चल रही है, कोणी नुसतं गैस चढ़ गई म्हणून छातीवर हात चोळत बसतो. तुमचं काम निदान करणं नाही, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून डॉक्टरपर्यंत पोचवणं. पण गैस म्हणणारा माणूस घामाघूम असेल आणि डावा हात धरून असेल तर त्याला नंबरात बसवून ठेवू नका, आत जाऊन सांगा आणि ईसीजीची तयारी करा. मराठी आजी-आजोबा आले की तुम्ही काय होतंय आजी एवढं म्हणालात तरी निम्मं दुखणं तिथेच कमी होतं, पण मग त्या तुमचं गोत्र आणि लग्नाचं विचारतात, ती वेगळी अडचण.

आणि गल्लीतल्या कोणाचा रिपोर्ट तुमच्या हातात आला तर तो तुम्ही बघितलाच नाही, आईलाही नाही. मराठी मोहल्ल्यात हे फार अवघड आहे, मला माहितीये, आईनं विचारलं की गं त्या अमक्या काकू आल्या होत्या ना तुझ्याकडे, तर म्हणायचं आठवत नाही.

आठवं, पहिली नोकरी

कोर्स संपला की रजिस्ट्रेशन करा, अर्ज टाकला एवढ्यावर समाधान मानू नका, नंबर हातात येईपर्यंत मागे लागा. पहिलं वर्ष मोठ्या हॉस्पिटलात काढा असं माझं मत, पगार कलेक्शन सेंटरपेक्षा शंभर-दोनशे कमी असला तरी. तिथे दिवसाला पन्नास हात टोचायला मिळतात, म्हातारे, लहान मुलं, सुजलेले, केमोवाले. एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं मंडळ) मानांकन असलेल्या ठिकाणी लिहिण्याची शिस्त लागते, ती आयुष्यभर पुरते. अपॉइंटमेंट लेटर आणि बँकेत पगार, या दोन गोष्टी मागायला लाजू नका, कारण पुढे अनुभवाचा दाखला लागला की रोख पगारवाल्याकडे दाखवायला काही नसतं, हे मी भोगलंय, माझी पहिली दीड वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत.

नववं, पुढे कुठवर जाता येतं

सरकारीत जायचं तर राज्याच्या कर्मचारी निवड मंडळाची समूह ५ ची भरती बघत राहा, पॅरामेडिकल आणि नर्सिंग त्यातच येतं, शिवाय रेल्वेची पॅरामेडिकल भरती, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची हॉस्पिटलं, भोपाळचं एम्स. सगळीकडे काउन्सिलचा नंबर लागतोच, म्हणून वर एवढा घसा कोरडा केला.

लॅबवाले डिप्लोमानंतर डिग्री करून क्वालिटीत जातात, सुपरवायझर होतात. स्वतःची लॅब टाकायचं स्वप्न पुष्कळांचं असतं, टाका, पण लक्षात ठेवा की सुप्रीम कोर्टानं २०१७ मधे सांगितलंय, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच पाहिजे. टेक्निशियनच्या सहीवर रिपोर्ट देणारी लॅब आजही सापडेल, तिथे नोकरी करू नका, सापडल्यावर पहिला हात टेक्निशियनचाच धरतात.

काउंटरच्या मागच्यांसाठी दोन वाटा. एक आयुष्मान, २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, त्यामुळे योजनेत असलेल्या हॉस्पिटलांना आरोग्य मित्र, क्लेम बघणारे, कागद चढवणारे लागतातच. दुसरी मेडिकल कोडिंग, म्हणजे अमेरिकेतल्या पेशंटच्या फाईली वाचून आजाराला आणि उपचाराला आकड्यांचे कोड लावायचे. सीपीसी नावाची परीक्षा असते, १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास. बसून करायचं काम आहे, अ‍ॅनाटॉमी पक्की लागते, आणि ज्यांना रक्ताचं जमलं नाही पण मेडिकल सोडवतही नाही त्यांना हे छान मानवतं. माझ्या बॅचची एक जण बाळंतपणानंतर याच्यात गेली, आता म्हणते नाईट ड्यूटी सुटली पण चष्म्याचा नंबर वाढला.

आणि ज्यांच्या घरात कोणी न्यू जर्सीला आहे त्यांच्यासाठी. आपला डीएमएलटी तिकडे नेऊन थेट मेडिकल असिस्टंट होता येत नाही, व्हिसा वेगळा, परीक्षा वेगळी, आणि सीएमएला बसायला बहुतेक करून तिकडचाच मान्यताप्राप्त कोर्स लागतो. लग्न होऊन जाणाऱ्या मुलींनी इथे घाईनं काहीतरी डिप्लोमा उरकण्यापेक्षा बारावी-ग्रॅज्युएशनच्या मार्कशीट नीट ठेवाव्यात आणि इंग्रजी बोलायची सवय करावी, तिकडे जाऊन वर्षभरात होतं. जर्मनीचं सध्या इंदुरात फार चाललंय, तिकडे डॉक्टरच्या दवाखान्यातल्या मदतनिसाचं शिक्षण तीन वर्षांचं, निम्मं शाळेत निम्मं दवाखान्यात, आणि शिकताना थोडा पगारही मिळतो. पण पेशंट जर्मन, फोन जर्मन, फाईल जर्मन, तेव्हा एजंटाला पैसे द्यायच्या आधी सहा महिने भाषेचा क्लास लावून बघा, तीन महिन्यांतच कळतं की आपल्याच्यानं होतंय का नाही.

बाकी काही विचारायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर या, सकाळी मी झोपलेली असते, शनिवारची नाईट असते माझी. येताना कॉलेजचं माहितीपत्रक आणि दहावीची मार्कशीट दोन्ही आणा, आणि नखं कापून या, शीर चाचपून बघायला बाबा बसलेलेच असतात.